नरडाण्याचा सर्व्हर दुपारी एकला का मरायचा

पहिला फोन आला तेव्हा मी जळगावात आमच्या ऑफिसच्या गॅलरीत उभी राहून डबा खात होते. पलीकडून एक वयस्कर आवाज, घरात कुणी आजारी माणूस झोपलाय अशा बेतानं म्हणाला, "मॅडम, तुमना सर्व्हर मरी गया."

"कोण बोलतंय?"

"काटावरना आबा." मग लगेच, "मी काही नही करं. तो आपोआप गया."

आमची कंपनी म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि पाच माणसं. नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या एका जिनिंग मिलला आम्ही वेब ॲप्लिकेशन करून दिलं होतं. कापसाचा ट्रॅक्टर फाटकावर आला की त्याला नंबर मिळायचा, वजनकाट्यावर कॅमेरा त्याचा फोटो काढायचा, वजन आपोआप चढायचं. ड्रायव्हर लोकांच्या शेडमध्ये एक मोठा टीव्ही लावला होता, त्यावर कुणाचा नंबर लागला ते दिसायचं. हे सगळं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं, आणि त्यातलं बरंचसं मी लिहिलेलं. म्हणून "तुमना सर्व्हर" हे आबांचं म्हणणं बरोबरच होतं, पण त्या दिवशी ते मला झोंबलं.

आबांना मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढे पाहिलं. साठीचे, पांढरी टोपी, दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला चष्मा. लोखंडी वजनांच्या काळापासून काट्यावर बसलेला माणूस. ते अहिराणीत बोलायचे, मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. माझं आजोळ अमळनेरकडचं असल्यामुळे मला सगळं समजायचं.

फोनवरच मी त्यांना सांगितलं, काळी खिडकी बंद करा, त्या निळ्या चित्रावर दोनदा टिचकी मारा. सर्व्हर उठून बसला. दुसऱ्या दिवशी एक वाजता पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी आबांनी फोनच केला नाही. मी काळजीनं केला तर म्हणाले, "मरना व्हता, मी उठाडी दिधा. तुम्ही जेवा."

असल्या दुखण्यात आमच्या धंद्यातला माणूस आधी दुसऱ्यावर ढकलतो. मीही पहिल्या दिवशी नेटवर्कवर ढकललं, दुसऱ्या दिवशी विजेवर, तिसऱ्या दिवशी विंडोजवर. मी सरांना, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांना, छातीवर हात ठेवून सांगितलं की गेल्या हंगामापासून मी या प्रोग्रामला बोटसुद्धा लावलेलं नाही. हे खरं होतं. पण खरं असून काही उपयोगाचं नव्हतं, ते नंतर कळलं.

शेवटी सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, मागवला. रोज एकच्या सुमारास त्यात एकच ओळ होती. आउट ऑफ मेमरी. जावाच्या वाट्याची मेमरी संपली.

ज्यांना याचा गंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. जावामध्ये प्रोग्रामनं वापरून टाकलेल्या वस्तू उचलून न्यायला एक व्यवस्था असते. जळगावात सकाळी गल्लीत घंटागाडी येते ना, तशी. दारात ठेवलेलं सगळं ती नेते. पण घरातच कुणी रद्दी, फुटकी बादली, जुनी गादी "असू द्या, लागेल" म्हणून धरून बसलं, तर घंटागाडीवाला आत येऊन हिसकावून नेत नाही. मग घर भरत जातं आणि एक दिवस माणसाला आत पाय ठेवायला जागा राहत नाही. आमच्या भाषेत याला मेमरी लीक म्हणतात. गळतं काहीच नाही, उलट साचतं. तरी नाव लीक.

या नावानं पुढे बराच घोळ घातला.

सरांचा पहिला उपाय कुठल्याही सरांचा असतो तोच होता. "मेमरी संपते? मग जास्त दे." दोन जीबी होती, मी चार केली. त्यापुढे द्यायला मशीनमध्येच नव्हती. दुसऱ्या दिवशी एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. मी सरांकडे पाहून हसले, सर माझ्याकडे पाहून हसले. पाचला फोन वाजला.

"आते पाचले मरना," आबा म्हणाले. मागे ट्रॅक्टरचे भोंगे आणि माणसांचा गलका. "गेटपावत लाइन शे. एकले मरे ते बरं व्हतं. जेवानी येळ व्हती."

म्हणजे मी दुखणं बरं केलं नव्हतं, सर्वांत वाईट वेळेला नेऊन ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मला नरडाण्याला जावं लागलं.

निघण्यापूर्वी मी एक चूक केली. मिलच्या शेठना फोन करून म्हटलं, "मेमरी लीक वाटतंय, मी येऊन बघते." शेठ पन्नाशीचे, बोलायला मोकळे आणि कामाला तत्पर. म्हणाले, "तुम्ही या. तोवर मी माझ्या बाजूनं बघतो."

मी पोहोचले तेव्हा काट्याशेजारच्या ऑफिसात शिडी लावलेली होती. छताला दोन ठिकाणी ताजं सिमेंट थापलेलं. आणि टेबलाखाली जो सर्व्हर होता तो दिसतच नव्हता. त्याच्यावर निळी ताडपत्री घालून सुतळीनं चहूबाजूंनी आवळून बांधली होती, पावसाळ्यात गंजीला बांधतात तशी.

"थेंब जाणार नाही आता," शेठ म्हणाले. "प्लंबरला पण बोलावलंय. संडासाची पाइप त्या भिंतीतूनच जाते."

मी तोंड उघडणार तेवढ्यात ताडपत्रीच्या आतून बारीक किणकिण आली आणि सर्व्हर बंद पडला. हे मेमरीचं दुखणं नव्हतं, तो गुदमरला होता. ताडपत्री सोडली तर आतून भट्टीसारखी वाफ आली. आबांनी घड्याळात पाहिलं. "आज अकराले," ते म्हणाले. गावातल्या वैद्यानं नाडी पाहून सांगावं तसं.

शेठना मी लीकचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "म्हणजे पाणी नाही?"

"नाही."

"मग आधी सांगायचं ना." आणि प्लंबरला त्यांनी परत पाठवलं नाही. आलाच आहे तर म्हणून नळ दुरुस्त करून घेतले.

दुपारी आबांनी मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला आणि जेवता जेवता म्हणाले, "एक गोट सांगू का? शेडमानी लाइट जास त्या दिन हाऊ मरस नही."

शेड म्हणजे ड्रायव्हरांची, पन्नास पावलांवर. तिथली वीज गेली तर इथला सर्व्हर मरत नाही! मी हसले. मला वाटलं, आबांचं हे मांजर आडवं जाण्यासारखं काहीतरी. मी मान डोलावली, ठेचा घेतला आणि ती गोष्ट विसरून गेले. त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो. इंजिनिअर मी होते, आणि रोजचं निरीक्षण त्यांचं होतं.

माझा बेत असा होता. सर्व्हर मरताना त्याच्या मेमरीत जे जे काय भरलेलं असेल त्याची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची. त्याला हीप डंप म्हणतात. तशी सूचना मी सर्व्हरला देऊन ठेवली. अकराला नव्यानं सुरू केल्यामुळे त्या दिवशी तो भरणार नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी पाच वाजायची वाट पाहत बसले. माणूस मरायची वाट पाहत बसल्यासारखं वाटत होतं. आबा दर दहा मिनिटांनी आत डोकावून विचारायचे, "काय म्हनस?"

पाच वाजून काही मिनिटांनी तो मेला आणि फाइल लिहायला लागला. लिहिता लिहिता डिस्कच भरली. डिस्क भरल्यावर डेटाबेसही थांबला. आबांनी काळी खिडकी बंद केली, निळ्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस ते एकट्यानं त्याला उठवत होते, आणि मी शेजारी बसले असतानाच तो उठेना.

बाहेर ट्रॅक्टरांची रांग फाटकाच्या बाहेर गेली होती. आबांनी खिशातून खडू काढला आणि एकेका ट्रॉलीच्या फाळक्यावर नंबर लिहीत सुटले. एक, दोन, तीन. पंधरा मिनिटांनी रांगेत सात नंबरच्या चार ट्रॉल्या होत्या. ड्रायव्हर लोकांनी आपापला नंबर पुसून बेताचा लिहून घेतला होता. एकानं तर सत्तावीसमधला पाठचा सात ठेवून पुढचा दोन तेवढा पुसला होता, आणि त्या पुसलेल्या दोनाची खूण लांबून दिसत होती. आबांनी चारही सातांना खाली उतरवलं आणि एवढंच विचारलं, "कोन खरा सात शे?" चौघांनी हात वर केले.

तोवर मी डिस्कवर जागा शोधत होते. एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये बावीस सिनेमे सापडले. "हे कुणाचे?" मी विचारलं. ऑफिसातले सगळे जण एकदम कामाला लागले. आबा छताकडे, त्या ताज्या सिमेंटकडे बघत राहिले. मी विचारणं सोडलं आणि सिनेमे उडवले. आत कुणीतरी हळूच "अरेरे" म्हणालं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाइल नीट उतरली. चार जीबीच्या जरा वर. पेनड्राइव्हमध्ये घ्यायला गेले तर तो म्हणे फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा, अख्खा रिकामा. जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. तरी तो पुन्हा फॉरमॅट करायचं सुचायला मला पाऊण तास लागला.

मग फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली. मेमरीचं विश्लेषण करणारं जे साधन असतं तेही जावातच लिहिलेलं आहे. पाच मिनिटं ते चाललं आणि बंद पडलं. पडद्यावर ओळ होती, आउट ऑफ मेमरी. शवविच्छेदन करायला आलेला डॉक्टर प्रेताशेजारी आडवा झाला म्हणा.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "धुळ्याला माझ्या मेव्हण्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याच्याकडे चौसष्ट जीबीचं मशीन आहे. अख्ख्या खान्देशात माझ्या ओळखीत एवढी मेमरी त्याच्याकडेच." सकाळी मी नरडाण्याहून एसटीनं धुळ्याला निघाले. पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवायची भीती वाटली म्हणून मुठीत धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, "औषध आहे का?"

स्टुडिओ देवपुरात होता. सरांचे मेव्हणे पडद्यासमोर बसलेले, आणि त्यांच्या खुर्चीमागे एक जाडसर, ठसठशीत कुंकू लावलेल्या बाई उभ्या. त्या नवरदेवाच्या आत्या होत्या आणि त्यांचं म्हणणं होतं की हळदीच्या व्हिडिओत त्या कुठेच दिसत नाहीत.

"आत्या, तुम्ही आहात की. ही काय तुमची पाठ."

"पाठ ओळखून कोण सांगणार आहे, आत्या आल्या होत्या म्हणून?"

मेव्हण्यांना माझं येणं देवासारखं वाटलं. "आत्या, आता या मॅडमचं अर्जंट काम आहे," असं म्हणून त्यांनी खुर्ची मला दिली. आत्या काही गेल्या नाहीत. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या.

फाइल उघडायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात आत्यांनी मला लग्न झालं का, माहेर कुठलं, जळगावात घर स्वतःचं का, हे सगळं विचारून घेतलं. मग पडद्यावर एक गोल आला, पोळीसारखा. त्यातला जवळजवळ सगळा भाग एकाच रंगाचा, आणि कडेला नखाएवढा उरलेला तुकडा.

"हे काय?" आत्या.

"ही सगळी मेमरी. आणि हा एवढा भाग एकाच जागी अडकलाय."

"कुणी अडकवला?"

"तेच बघायचंय."

तो भाग सेशनचा होता. वेबसाइटवर माणूस आला की सर्व्हर त्याच्या नावानं एक पिशवी उघडतो. हा कोण, काय बघत होता, हे लक्षात ठेवण्यासाठी. माणूस बराच वेळ आला नाही की पिशवी टाकून द्यायची. मिलमध्ये हे ॲप्लिकेशन वापरणारी माणसं नऊ होती. पिशव्या होत्या अठरा हजारांवर.

मी एक पिशवी उघडली. आत त्या दिवशीच्या शेवटच्या दहा ट्रॅक्टरांची यादी, फोटोंसकट. त्यातला एक फोटो काढून पडद्यावर पाहिला. लाल ट्रॅक्टर, त्यावर बसलेला ड्रायव्हर, आणि कोपऱ्यात हात वर करून "थांब" म्हणणारे आमचे आबा. दुसरी पिशवी उघडली. तोच लाल ट्रॅक्टर, तेच आबा. तिसरी. तेच आबा, हात वर.

मेव्हणे मागून म्हणाले, "एकच पोझ कितीदा घेतली हो?"

आत्या मात्र पेटल्या. "बघ! एका ट्रॅक्टरला इतक्या वेळा घेतलं. आणि मला सख्ख्या भाच्याच्या हळदीत एकदा नाही!"

मी पिशव्यांच्या वेळा पाहिल्या. एक उघडल्यानंतर बरोबर दोन सेकंदांनी दुसरी. पुन्हा दोन सेकंदांनी तिसरी. सकाळी सातला सर्व्हर चालू केल्यापासून संध्याकाळी पाचपर्यंत, न चुकता, न थकता. माणूस असं करत नाही. दर दोन सेकंदांनी येणारं त्या मिलमध्ये एकच होतं. शेडमधला टीव्ही. नंबर ताजा राहावा म्हणून तो दर दोन सेकंदांनी सर्व्हरकडून पान मागवायचा. टीव्हीमागे जी स्वस्तातली डबी होती तिला काहीच लक्षात राहत नव्हतं. म्हणून दर दोन सेकंदांनी ती अनोळखी पाहुण्यासारखी दारात उभी राहायची आणि सर्व्हर दर वेळी "या, बसा" म्हणून तिला नवी पिशवी द्यायचा.

शेडमधली वीज गेली की सर्व्हर मरत नाही! मी तिथूनच आबांना फोन लावला.

"आबा, शेडमधला टीव्ही बंद करा. आज दिवसभर बंद ठेवा."

"मी तं तुमले सांगं व्हतं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

पण अजून एक गोष्ट उरली होती. पाहुणे येईनात का हजारो, अर्ध्या तासानं त्यांच्या पिशव्या टाकून दिल्या असत्या तर काहीच बिघडलं नसतं. त्या का टाकल्या जात नव्हत्या? मी प्रोग्रामची ती जागा उघडली. तिथे किती मिनिटांनी पिशवी टाकायची तो आकडा असतो. तिथे लिहिलं होतं, उणे एक. उणे एकचा अर्थ, कधीच नाही.

आणि मला ती दुपार आठवली. दीड वर्षापूर्वी शेठ फोनवर वैतागून म्हणाले होते, "मी चहा पिऊन येतो तर तुमचं हे पुन्हा पासवर्ड विचारतं. मी माझ्याच मिलमध्ये चोर आहे का?" मी घाईत होते. उणे एक लिहिलं आणि विसरले. तेव्हा टीव्ही नव्हता, नऊ माणसं होती, काही झालं नाही. या हंगामात शेठनी टीव्ही आणून त्यावर आमचं जुनंच नंबरांचं पान लावलं आणि माझी ती जुनी ओळ जागी झाली. मी या वर्षी प्रोग्रामला बोट लावलं नव्हतं हे खरंच होतं. बोट आधीच लावून ठेवलं होतं.

मी ती खिडकी पटकन बंद केली.

"सापडलं का?" मेव्हण्यांनी विचारलं.

"सापडलं."

"कुणाची चूक?"

"आहे एकीची," मी म्हटलं.

आत्यांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "होतं गं," म्हणाल्या. त्या बाईला जावातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चूक कुणाची ते त्यांना मेव्हण्यांच्या आधी कळलं.

परत जाताना सरांचा फोन. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "हे बघ, शेठना एवढं तपशिलात सांगू नकोस. म्हणायचं, ऑप्टिमायझेशन केलं." एसटीत मी तो शब्द दोन-तीनदा मनात घोळवून पाहिला. चांगला गुळगुळीत शब्द आहे.

मिलमध्ये पोहोचून मी दोन ओळी बदलल्या. टीव्हीच्या पानाला पिशवी द्यायची नाही, आणि बाकीच्यांची अर्ध्या तासानं टाकून द्यायची. टीव्ही पुन्हा चालू केला. शेठ आले. "काय होतं मग?"

"ऑप्टिमायझेशन केलं," मी म्हटलं.

शेठ खूश झाले. आबा मात्र काट्याच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होते. "ते बठ्ठं ठीक शे," ते म्हणाले. "पन चूक कोनी व्हती? टीव्हीनी का तुमनी?"

इतके दिवस तो माणूस ड्रायव्हरांच्या शिव्या खात माझा सर्व्हर उठवत होता. त्याच्यापुढे तो गुळगुळीत शब्द पुन्हा तोंडातून निघेना. "माझी," मी म्हटलं. आणि एकदा म्हटल्यावर सगळंच सांगितलं, पासवर्ड, चहा, उणे एक.

मला वाटलं आता शेठ उसळणार. ते विचारात पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळंच तेज आलं. "म्हणजे मी बोललो म्हणून हे झालं?"

"तसं नाही, मी—"

"माझ्या एका शब्दावर तुम्ही सर्व्हरला कायमचं बदललं?"

"हो, पण ते चूक—"

"वा," शेठ म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मिलमध्ये येईल त्याला ते ही हकिकत सांगू लागले. त्यांच्या सांगण्यात माझी चूक कुठेच नव्हती. सर्व्हर मोठा संवेदनशील आहे, मालक वैतागला तर दीड वर्षानं का होईना तो मनाला लावून घेतो, असा काहीसा त्याचा सूर होता. फक्त त्या क्षणी त्यांना एक शंका आली. "मग आता चहा पिऊन आलो की पुन्हा पासवर्ड विचारणार?"

"अर्ध्या तासात आलात तर नाही."

शेठनी घड्याळाकडे पाहिलं. ते चहाला किती वेळ जातात हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच मोजलं असावं.

मी आणखी एक दिवस थांबले. सकाळपासून मेमरीचा आलेख उघडून बसले होते. रेघ वर जायची, घंटागाडी यायची, रेघ खाली यायची. पुन्हा वर, पुन्हा खाली. इतकं सुंदर चित्र मी पाहिलं नव्हतं. एक वाजला. आबा सवयीनं उठून आत आले, खुर्चीत बसले, माउसवर हात ठेवला. सर्व्हर चालू होता. पाच मिनिटं बसून उठले. पाच वाजता पुन्हा आले. चालू. सहाला मी त्यांना म्हटलं, "आबा, सुटलात तुम्ही."

"हां," ते म्हणाले, आणि टोपी काढून पुन्हा घातली.

त्या "हां"मागे काय होतं हे मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या आठवड्यात सहज विचारपूस करायला फोन केला तेव्हा जरा कळलं. सर्व्हर कसा आहे म्हटलं तर म्हणाले, "तो बरा शे. त्याले आते कोनी लागत नही." त्या दिवसांत मिलमध्ये तो सर्व्हर उठवता येणारा एकच माणूस होता. ड्रायव्हर शिव्या द्यायचे खरे, पण तो सुरू झाला की "आबानी करं" म्हणून आरोळीही द्यायचे. ते सगळं मी दोन ओळींत बंद करून टाकलं होतं.

पुढच्या वेळी नरडाण्याला गेले ते दुसऱ्याच कामासाठी. शेठना शेडमधल्या टीव्हीवरचा नंबर मोठ्यानं ऐकू यावा असं हवं होतं, कारण ड्रायव्हर झोपून जातात आणि नंबर चुकला की भांडतात. कॉम्प्युटरचा तयार आवाज लावून पाहिला. त्यातली बाई इतकं शुद्ध, इतकं थंड बोलायची की शेडमधले लोक बँकेत आल्यासारखे गप्प बसून राहायचे, उठायचं कुणी नाही. मी आबांना म्हटलं, "तुम्ही बोला."

"मी काय बोलू?"

"रोज बोलता तेच."

काट्याचं दार लावून, पंखा बंद करून, माझ्या फोनवर आम्ही रेकॉर्डिंग केलं. एक ते शंभर. पहिल्या दहापर्यंत आबा शाळेत कविता म्हणावी तसं बोलले. बाराव्या नंबरापासून रंगात आले. "बारा नंबर, चाल भो, ऊठ!" सत्ताविसाला तर त्यांनी अशी हाक मारली की बाहेरच्या रांगेतला एक ट्रॅक्टर खरोखरच सुरू झाला. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत ते तीनदा अडकले आणि तिन्ही वेळा चूक माझ्या फोनची आहे असं म्हणाले. मी त्यावर वाद घातला नाही.

आता तो टीव्ही त्यांच्या आवाजात बोलतो. माघ महिन्यात आबा भाचीच्या लग्नाला शिरपूरला चार दिवस गेले होते. तेव्हा एक नवा ड्रायव्हर, शेडमध्ये नंबर पुकारणाऱ्या माणसाशी भांडायचं म्हणून तरातरा काट्याच्या ऑफिसात शिरला. आत कुणी नाही. त्यानं टेबलाखाली वाकून पाहिलं, दारामागे पाहिलं, आणि बाहेर येऊन शेठना विचारलं, "तो म्हातारा कथा दपेल शे?" म्हणजे कुठे दडलाय. शेठनी मला हे फोनवर सांगितलं, आणि मी तिकडून आबांना लग्नाच्या मांडवात फोन करून सांगितलं. मागे सनई, जेवणाच्या पंगती, पोरांचा दंगा. आबांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि मांडवातल्या लोकांना मोठ्यानं म्हणाले, "आयका रे! मी आठे शे, आन तठे बी शे!"